खरं सांगा, गुण आला?

आमच्या गल्लीत कुणाचं पोट दुखलं तर औषध फुकट मिळतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी थेंबकाकांच्या ओट्यावर हजेरी द्यावी लागते. नुसतं "गुण आला" म्हणून सुटका होत नाही. काका चष्मा कपाळावर चढवतात, आपल्या तोंडाकडे निरखून बघतात आणि विचारतात, "खरंच आला, का तोंडदेखलं बोलतोस?" उत्तर दिलं तरी पुन्हा तेच विचारतात. फोनवर कळवलेला गुण त्यांना मान्य नाही. माझ्या मेहुण्याने एकदा ठाण्याहून मोबाइलवर नुसता अंगठा पाठवला, तर काकांनी मला बोलावून काळजीने विचारलं की त्याच्या अंगठ्याला काय झालं.

काकांचं खरं नाव शांताराम पाटील. इंग्रजांच्या अमदानीत त्यांच्या आजोबांनी 'पाटील यांचे पंचप्राण थेंब' नावाचं औषध काढलं होतं. औषधाचं दुकान कधीच बंद पडलं. त्या जागी पुढे कापडाचे लूम बसले, आणि आता काका त्यांच्या भाड्यावर जगतात. पण दुकानाची पत्र्याची पाटी त्यांच्या दारावर अजून आहे: ताप, पटकी, पोटशूळ, दाढदुखी, विंचूदंश व मेंदूची दुर्बलता यांवर एकच रामबाण. नकली मालापासून सावध राहावे! पाटीवर पिळदार मिशांचा एक पहिलवान आहे. छापखान्यात मिळाला तो ठसा आजोबांनी वापरला असावा, पण पुढच्या पिढ्यांनी त्याला पूर्वज समजून दसऱ्याला हार घातले. काका अजून घालतात. पाटीवरच्या एका ओळीला मात्र डांबर फासलेलं आहे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "छपाईची चूक हाय ती."

औषध बनवताना ते मुद्दाम ओट्यावर बसतात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडेठाक खडे बाटलीत घालून हलवायचे. बघता बघता त्यांचं आपोआप पाणी होतं. इतकी वर्षं बघूनही दर वेळी पहिला आनंद काकांनाच होतो. मग बत्ताशावर दोन थेंब टाकून हातावर ठेवतात आणि पाटीवरच्याच भाषेत सांगतात, "एकवार अनुभव घ्यावा." शिफ्ट सुटल्यावर येणारे लूमवाले भय्येसुद्धा आता पक्के तयार झालेत. सकाळी ओट्यासमोर उभे राहून म्हणतात, "चाचा, गुण आया. सच में आया."

या बाबतीत माझी आई सगळ्यांत बेकार रोगी. बत्तासा तोंडात विरघळायच्या आधीच ती "आला हो, भावजी" म्हणून मोकळी व्हायची. माणूस फुकट औषध देतो, त्याचं मन कशाला मोडायचं, असं तिचं म्हणणं. काका तिच्याकडे संशयाने बघायचे आणि ती पदराआड हसायची.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, आईची छाती भरून आली. पित्त झालंय, भावजींकडून बत्तासा आण, म्हणाली. मी गेलो आणि काय होतंय ते सांगितलं. काका बाटली घेऊन स्वतःच आले. आईच्या कपाळावर घाम होता आणि डावा हात ती चोळत होती. काकांनी बाटली उघडलीच नाही, खिशात टाकली. मला म्हणाले, रिक्षा आण.

काकांचा चेहरा बघून आई उठून बसली आणि नेहमीसारखं म्हणाली, "बरं वाटते आता भावजी. उगा धावपळ नको."

"वयनी," काका म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

भिवंडीच्या रस्त्यावर रिक्षा पळवणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो आडवा लागला होता आणि उरलेल्या वाटेत हातगाड्या अडकल्या होत्या. काका बनियनवरच रिक्षातून अर्धे बाहेर लटकून ओरडत होते. टेम्पोवरच्या हमालांपैकी कुणीतरी "अरे, थेंबवाले चाचा हैं" म्हटलं आणि चौघांनी मिळून हातगाड्या बाजूला ओढून वाट करून दिली. फुकट वाटलेले बत्तासे त्या दिवशी कामाला आले.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आईला आत घेतलं आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. काका खिशातली बाटली नुसतीच चाचपत होते.

"तुझी काकी बी असंच बोलली व्हती," ते म्हणाले. "छातीत कळ आली, मी थेंब दिले. गुण आला का म्हणून विचारलं. आला बोलली, आन भाकऱ्या थापाया बसली ती उठलीच न्हाय. माझ्या मनासाठी बोलली रे ती. मला वळखू न्हाय आलं."

डांबराखाली काय लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. त्या पाटीचा शब्दन् शब्द खरा मानणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने तेवढी ओळ पुसली होती, आणि तेव्हापासून तो प्रत्येकाच्या चेहऱ्यात खरं उत्तर शोधत बसला होता. आम्ही मात्र त्याला विक्षिप्त म्हणून हसत होतो. आज माझी आई घरात चालतेफिरते आहे ती या माणसामुळे. त्याचे उपकार मी कधी फेडणार, आणि कसे?

आई दवाखान्यातून घरी आली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी भिंतीला धरून काकांच्या ओट्याशी जाऊन उभी राहिली. औषध तर तिने घेतलंच नव्हतं, पण हजेरी द्यायला गेली. मी मागे होतो. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गुण आला, वयनी?"

आई या वेळी पदराआड हसली नाही.

"आला भावजी, पण पुरता न्हाय. चार पावलं टाकली का दम लागते."

मी काकांकडे बघितलं. पुढचा प्रश्न आलाच नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, ओट्यावरचे खडे, बाटल्या बाजूला सारून आईला बसायला जागा केली आणि चहा टाकायला आत गेले.