आहेरातली फ्रेम

सखाराम मास्तर नवा सदरा घालून ओटीवर बसले होते आणि त्यांच्यावर माहितीपट निघत होता. शाळेत पोरांना चित्रकला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रत्नागिरीत त्यांना लोक ओळखायचे ते मुख्यतः गॅदरिंगचे पडदे रंगवणारे मास्तर म्हणून. आता मुंबईहून योगिनी नावाची दिग्दर्शिका आली होती आणि त्यांना चक्क 'कलावंत' म्हणत होती. मास्तरांना ते ऐकायला फार बरं वाटत होतं.

"सर, तुमचं सगळ्यात चांगलं चित्र कोणतं?"

"आरे-वारेची सांज," मास्तर म्हणाले. "पुळणीवर ओढून ठेवलेली एक होडी आणि मागे मावळतीचं पाणी. तसं पाणी मला पुन्हा जमलं नाही."

"ते कुठे आहे?"

इथे मास्तरांनी 'आठवत नाही' म्हटलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण समोर कॅमेरा असला की भला माणूसही छाती फुगवतो. मास्तर म्हणाले, "मी चित्र विकत नाही, माणसाला देतो. लांज्याच्या आमच्या बाळाला ते लग्नात आहेर केलं. चुलतभाऊ माझा. देव्हाऱ्यासारखं जपलं असेल त्याने!"

योगिनीचे डोळे चमकले. "मग शेवट मिळाला! ते चित्र आणि त्याच्यासमोर तुम्ही. नाहीतर ही नुसती मुलाखत होईल सर, आणि मुलाखत कोण बघतं?"

"आधी बाळाला फोन तरी करा," आतून मास्तरांच्या पत्नी येसूबाई म्हणाल्या.

"फोन कशाला? त्याचा आनंद कॅमेऱ्यात यायला नको?" योगिनी म्हणाली.

लांज्यात बाळाने काजू पुढे केले, कोकम सरबत पुढे केलं, पण चित्र काही पुढे येईना. भिंतीवर एक धबधबा होता. बटण दाबलं की त्यातलं पाणी वाहायचं. बाळाने तो दोनदा वाहवून दाखवला.

"बाळा, मी लग्नात दिलेलं चित्र कुठाय?"

"चित्र? कुठलं चित्र, दादा?" बाळा जरा आठवून म्हणाला, "हां, ती फ्रेम होय! ती उघडली नव्हती ओ. हात फिरवला की कळतं ना. फ्रेम म्हणजे धबधबा नायतर राधाकृष्ण. धबधबा तर आमच्याकडं होताच."

"मग गेली कुठे ती?"

"अक्षयाच्या लग्नात दिली. पण नवा कागद लावून हां! तशीच नाय दिली."

यात बाळाचं फार चुकलं असं कोणी म्हणू नये. आपल्याकडे घरोघरी माळ्यावर लग्नातल्या आहेरांची पुडकी असतात आणि ती उघडायची नसतात. हलवून ओळखायची असतात. खुळखुळलं तर लेमन सेट, मऊ लागलं तर चादर, चपटं आणि चौकोनी असलं तर फ्रेम. मग पुढच्या लग्नात वर एक चकचकीत कागद चढवायचा की आहेर तयार. खुद्द येसूबाईंचा यात एवढा हात बसलेला होता की शेजारणी पुडकी घेऊन त्यांच्याकडे ओळखायला येत. मास्तरांनी मात्र आयुष्यात कधी माळ्यावर डोकं वर करून पाहिलेलं नव्हतं.

अक्षया ही मास्तरांची भाची. तिचं घर अलोऱ्याच्या कॉलनीत, म्हणजे लांज्याहून अगदी उलट्या अंगाला. मास्तर लगेच गाडीत जाऊन बसले. रागापेक्षा त्यांना वाईटच जास्त वाटत होतं. इतकी वर्षं त्यांची अशी समजूत होती की लांज्यातल्या एका भिंतीवर तरी आपण आहोत.

अलोऱ्यात पोचेपर्यंत त्या वाईट वाटण्याचा पुन्हा राग झाला. अक्षयाच्या हातून पाणी घेण्याआधीच ते कॅमेऱ्याकडे वळले. "सुरू आहे ना? मग घ्या! आहेर म्हणजे काय एसटीतली सीट आहे? एकाने उठायचं, दुसऱ्याने बसायचं? ज्या माणसाला साधा कागद सोडून आत काय आहे ते बघावंसं वाटत नाही, त्याने लग्नच करू नये! देणाऱ्याचा जीव असतो त्यात!"

"मामा, हळू," अक्षया म्हणाली. "बाजूला ऐकू जातंय."

"जाऊ दे! तू ती फ्रेम कुठल्या दिवट्याला दिलीस ते सांग."

अक्षयाने पदराशी चाळा केला. "समीक्षाताईच्या लग्नात दिली. तुमच्याच हातात दिली, मामा. तुम्ही म्हणालात, 'एवढं कशाला आणायचं गो?'"

समीक्षा म्हणजे मास्तरांची एकुलती एक मुलगी. आतापर्यंत एका डोळ्याने काम करणाऱ्या कॅमेरावाल्याने इथे दोन्ही डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आपल्याच घरात शिडी लावून माळ्यावर चढले; समीक्षाच्या लग्नातले आहेर तिथेच पडून होते. खाली कॅमेरा त्यांच्या पायांचं चित्रण करत होता. वरून लेमन सेट आले, चादरी आल्या, एक घड्याळ आलं. फ्रेम काही येईना.

"काय शोधताय?" येसूबाईंनी विचारलं.

"समीक्षाच्या लग्नातली फ्रेम."

"चपटी, मोठी? ती कशी असेल? ती फारुकभाईंच्या फिजाला लग्नात दिली नाय का!"

मास्तर शिडीवरच थांबले. "तू माझं चित्र न उघडता देऊन टाकलंस?"

"मी कुठं? मी फक्त कागद लावला. दिलंत तुम्ही. दोन्ही हातांनी! फोटो निघेपर्यंत सोडत नव्हतात."

मास्तर खाली आले आणि योगिनीला बाजूला घेऊन म्हणाले, "ते काल अलोऱ्यात जे बोललो ना, ते तेवढं काढून टाका हो."

"बघू," योगिनी म्हणाली. ती ज्या तऱ्हेने हसली, त्यावरून ते राहणार हे मास्तरांना कळलं.

फारुक हा मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. घर आरे-वारेच्या वाटेवर, समुद्राकडे तोंड करून. येसूबाईही बरोबर होत्या, आणि जाताना मास्तर सारखी गाडी हळू घ्यायला सांगत होते. चित्र आणखी कुठल्या लग्नात गेलं असेल तर एक वेळ चालेल, पण फारुकने ते आपल्या देखत माळ्यावरून काढलं तर त्याला काय बोलायचं? अलोऱ्यात जे बोलले होते ते सगळं आता त्यांनाच लागू होत होतं.

दार उघडलं, आणि समोरच्या भिंतीवर आरे-वारेची सांज होती. तेच पाणी, तीच होडी. बाजूला दुसरं काही टांगलेलं नव्हतं.

मास्तर उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"या मास्तर, आत या," फारुक म्हणाला. "मुंबईच्या बाई, हे बघा. ही माझ्या अब्बांची होडी. अब्बा गेले, होडी मोडीत गेली, एक फोटोसुद्धा नव्हता आमच्याकडं. फिजाच्या वलीम्याला, लग्नाच्या जेवणाला, मास्तरांनी हे आणून दिलं. फिजा म्हणाली, हे मी सासरी नेणार नाय, आजोबा आपल्याच घरात राहू देत. आणि बांधलेलं काय होतं! एक कागद काढला, आत दुसरा. तो काढला, आत तिसरा. मी बायकोला, सुरय्याला म्हटलं, बघ, दोस्ताने किती जपून आणलंय!"

येसूबाई एकाएकी खिडकीतून समुद्र बघू लागल्या.

"मास्तर, एक सांगा," फारुकने त्यांचा हात धरला. "फिजासाठीच ठेवलं होतंत ना इतकी वर्षं?"

कॅमेरा सुरू होता. मास्तरांनी एकदा योगिनीकडे पाहिलं, एकदा येसूबाईंच्या पाठीकडे पाहिलं. खोटं बोलवत नव्हतं आणि खरं तर मुळीच बोलवत नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "माळ्यावर ठेवलं होतं. कोणी हातसुद्धा लावला नाही त्याला."

फारुकने त्यांना मिठी मारली. योगिनीला शेवट मिळाला.

निघताना सुरय्याने येसूबाईंच्या हातात एक पुडकं दिलं. "वहिनी, रिकाम्या हाताने नाय जायचं." येसूबाईंनी सवयीने त्यावरून हात फिरवला. अंगणात आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "फ्रेम आहे. पुढच्या महिन्यात शेजारच्या संदेशचं लग्न आहे, बरं झालं."

"उघड," मास्तर म्हणाले.

"इथं? अहो, बघतायत ते लोक!"

"बघू देत. इथंच उघड."

शेवटी मास्तरांनीच कागद फाडला. आत फ्रेमच होती. वलीम्याचा फोटो होता तो. मास्तर तोंडभर हसत फिजाला एक मोठं चपटं पुडकं देत होते. येसूबाईंनी चढवलेला सोनेरी कागद कसा झगमगत होता.

तो फोटो आता मास्तरांच्या ओटीवर लावलेला आहे. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, "मास्तर, त्या पुडक्यात काय आहे हो?"

"माझं सगळ्यात चांगलं चित्र," मास्तर म्हणतात, आणि येसूबाई लगबगीने चहा टाकायला आत जातात.