काठ कापलेली परात

आमच्या शेजारचे मन्मथआप्पा कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायच्या आधी ती वाजवून बघतात. मधलं बोट वाकवायचं, पेरानं टक् टक् करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. "आवाज खरा हाय" नाहीतर "आवाज बसका हाय". लातुरात जन्मभर भांड्यांचं दुकान चालवलेला माणूस. पातेली, घागरी, हंडे वाजवून घेतले आणि वाजवून विकले. पुढं दुकान मुलाच्या, म्हणजे शिवाच्या हवाली केलं, पण बोट काही हवाली केलं नाही. टरबूज वाजवतात, ते ठीक आहे. दवाखान्यात डॉक्टरांचं टेबल वाजवतात, तेही एकवेळ समजू शकतो. पण आम्ही या घरात राहायला आलो त्या दिवशी त्यांनी आमचं पुस्तकांचं कपाट वाजवलं आणि माझ्या बायकोसमोर सांगितलं, "सर, आवाज बसका हाय. आतून भुसा हाय समदा." कपाट तिच्या माहेरचं होतं. ती अजून आप्पांशी मोजकंच बोलते.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. हे आप्पांना कळलं तिथंच माझं चुकलं. एके दिवशी सकाळी मी दाढी करत असताना खिडकीत त्यांचं डोकं उगवलं.

"सर, काश्मीरला जायचं म्हटलं तर वाटंनं पाणी कुठं कुठं लागंल?"

"कोण चाललंय काश्मीरला?"

"मी अन् शिवाची माय."

मी वस्तरा खाली ठेवला. शिवाची माय, म्हणजे गंगाकाकू, त्या दिवसांत घराच्या ओसरीपर्यंतसुद्धा येत नव्हत्या. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात काही परत आला नाही. तो मांडीवर ठेवून त्या दिवसभर कॉटवर बसून असत. आमची आणि त्यांची भिंत एकच. इतकी वर्षं सकाळी त्या भिंतीतून काकूंच्या भाकरीचा थप्-थप् आवाज यायचा. माझ्या बायकोचं घड्याळच ते. झटका आल्यापासून तो बंद झाला. सून रेणुका गुणाची पोर, पण ती पोळ्या लाटते. लाटण्याला काय आवाज असतो, सांगा! डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताला सवय लावा. काकू म्हणाल्या, आता माझा काय उपेग. आणि त्यांनी सैपाकघराचा उंबरा ओलांडायचंच सोडून दिलं. जेवणही दोन घासांवर आलं.

आणि हे गृहस्थ काश्मीरला निघाले होते!

झालं असं होतं, की आप्पांनी मोबाइलवर कुठल्या तरी गोऱ्या म्हाताऱ्याला गाडीच्या मागच्या डब्यातून स्वयंपाकघर बाहेर काढताना पाहिलं होतं. त्या म्हाताऱ्यानं आमच्या गल्लीचं जे वाटोळं केलं ते त्याला कधी कळणार नाही. "ओढलं की भाईर, ढकललं की आत! शेगडी, डबे, पाणी, समदं! कपाटाचा खण असतो का न्हाई, तसं सैपाकघर. काय डोकं हाय बगा!" आप्पांनी आयुष्यात हॉटेलात पाणीसुद्धा प्यालेलं नाही. परगावी जायचं तर फडक्यात भाकरी आणि शेंगाची चटणी. तेव्हा हा बेत त्यांना मानवणार हे उघडच होतं.

आठवडा उलटायच्या आत माझ्या फाटकासमोर जीपमागं जोडायच्या दोन चाकी गाडीचा सांगाडा येऊन उभा राहिला. त्यांच्या नव्हे, माझ्या. का, तर माझ्या दारात सावली चांगली आहे. मी स्कूटर काढायला गेलो की आप्पा म्हणायचे, "जरा कडनं काढा की, सर. शिकलेला माणूस तुम्ही." शिक्षणाचा आणि कडेनं स्कूटर काढण्याचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही.

वेल्डिंगला फय्याजभाई आले. हे आप्पांच्या दुकानाचे जुने कारागीर. घागरीला कडी लावायची, हंड्याला डाग द्यायचा, सगळं त्यांच्याकडं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळं एकमेकांशी कधीच सरळ बोलायचे नाहीत.

"आप्पा, ह्याला चॅनल लागतंय. खणाखाली सरकपट्टी असती ना, तसलं. पन जाड पायजे. ह्यो सैपाकघर हाय, टाय ठिवायचा खण न्हाई."

"मंग घाल की जाड."

"घालतो. पन समदं वजन मागं आलं की गाडी पुढनं उचलंल."

"न्हाई उचलत."

उचलली. पहिल्यांदा ओढलं तेव्हा स्वयंपाकघर दिमाखात बाहेर आलं आणि गाडीचं तोंड तितक्याच दिमाखात आभाळाकडं गेलं. आप्पा शेगडीला लोंबकळत होते. मी स्कूटर पुसत होतो. "सर! पळा! दांडीवर बसा!" मी पळालो आणि पुढच्या दांडीवर बसलो. गाडी खाली आली. आप्पांनी माझ्याकडं आपादमस्तक बघितलं आणि समाधानानं म्हणाले, "वजन बराबर हाय." पुढं मागच्या बाजूला लोखंडी टेकू करेपर्यंत मी रोज कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर तिथं बसत होतो. बायको खिडकीतून बघायची आणि हसायची.

दुसरी तऱ्हा औसा रोडवर. दुकानाच्या जीपला गाडी जोडून आप्पा चक्कर मारायला निघाले, मला बळंच शेजारी बसवलं. चौकातल्या गतिरोधकावर जीप आदळली आणि मागं खडखडखड करत अख्खं स्वयंपाकघर भर चौकात बाहेर आलं. कडी लावायचीच राहिली होती! डबे उडाले, तिखटाचा डबा फुटला आणि लातूरचा तो चौक एकमुखानं शिंकायला लागला. ट्रॅफिकचा हवालदार डोळे पुसत आला.

"हे काय हाय, ओ?"

"सैपाकघर हाय, साहेब."

"रोडवर?"

"भाईर आलंय जरा. जाईल आत."

हवालदारानं शिंकत शिंकत शिटी वाजवायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. आप्पांनी तेवढ्यात खाली उतरून चॅनल वाजवून बघितलं. "आवाज खरा हाय, साहेब. कायबी झालं न्हाई," असं त्याला सांगितलं, जणू तो चॅनलच्याच काळजीत होता. त्या संध्याकाळी दुकानाच्या शटरचा अडसर काढून गाडीला बसवला गेला. शिवा दुकानाचं काय करणार, हे आप्पांनी त्याला विचारलंही नाही.

इथपर्यंत सगळं वेडेपणाच्या हद्दीत होतं. पुढं मात्र फय्याजभाईंनासुद्धा शंका यायला लागली. एके दिवशी ते हातोडी टाकून माझ्या पायरीवर येऊन बसले.

"सर, तुमी सांगा त्यान्ला. समदं उलटं करून राहिले. शेगडी डावीकडं. पाण्याचा नळ डावीकडं. मिठामिरचीचा डबा डावीकडं. उजव्या अंगाला कायच न्हाई, निस्ती मोकळी फळी, तीबी गादी लावून. अन् ओटा किती? गुडघ्याच्या जरा वर. कोन सैपाक करनार हिथं, कोंबडी?"

मी आप्पांना सांगायला गेलो. आप्पा म्हणाले, "सर, तुमी नकाशा बगा." म्हणजे तुम्ही गप्प बसा.

परातीच्या दिवशी तर भांडणच झालं. आप्पांनी दुकानातली नवीकोरी, जाड बुडाची परात आणली. आधी वाजवली. घुमली ती कितीतरी वेळ. "आवाज खरा हाय," म्हणाले आणि फय्याजभाईंसमोर धरली. "हिचा एका बाजूचा काठ काप."

"या अल्ला! चांगली परात हाय, आप्पा!"

"म्हनून तर आनली."

"काठ कापल्यावर परात कशी म्हनायची तिला? पीठ सांडंल समदं!"

"सांडू दे. आन शेगडी खाली घे अजून. तवा आन परातीचं बूड एका पातळीला आलं पायजे. अन् परात हलाय न्हाई पायजे, बोल्टनं आवळ."

भांडं विकणाऱ्या माणसानं चांगलं भांडं कापायला सांगावं, ही गोष्ट फय्याजभाईंना पटेना. शेवटी त्यांनी तोंड फिरवून कापली. कापताना आप्पासुद्धा तिकडं बघत नव्हते. आमच्या गल्लीत त्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं, की बायकोच्या दुखण्यानं आप्पांच्या डोक्यावर परिणाम झाला. मीही त्यात होतोच.

गाडी तयार झाली. काश्मीरच्या आधी एक छोटी फेरी मारायची ठरली, मुखेडला, काकूंच्या माहेरी. काकू नाही म्हणाल्या. आप्पांनी विनवलं, रेणुकानं विनवलं. शेवटी, "भावाच्या शेतात चिंचेखाली घटकाभर बसू अन् येऊ," यावर त्या कशाबशा उठल्या. फय्याजभाई जीप चालवायला. आणि मी? "चला की, सर, तुमाला भूगोल ठावूक हाय." लातूर ते मुखेड रस्त्याला भूगोल कशाला लागतो! पण मी गेलो. खोटं कशाला बोलू, उलटं स्वयंपाकघर उघडताना मला बघायचं होतं.

शेतात चिंचेखाली गाडी लावली. फय्याजभाई गाडी जीपपासून सोडवून, जीप घेऊन गावात पिण्याचं पाणी आणायला गेले. आप्पांनी मागं हात घातला आणि कपाळाला लावला. लोखंडी टेकू घरीच राहिला होता. माझ्या दारात, सावलीत.

"सर..."

"बसतो," मी म्हणालो आणि दांडीवर जाऊन बसलो. समोर तुरीचं रान, पाठीमागं स्वयंपाकघर. ते सरसर करत बाहेर आल्याचं ऐकू आलं. मग खुर्ची लावल्याचा आवाज, काकूंना बसवल्याचा. मला मागं वळून बघता येत होतं, पण उठता येत नव्हतं. उठलो असतो तर शेगडीसकट सगळं काकूंच्या अंगावर आलं असतं.

तांब्या ठेवल्याचा टण् आवाज आला. मग आप्पा म्हणाले, "घे. पीठ हाय तांब्याच्या शेजारी. डावीकडं."

"मला न्हाई येत आता."

"डाव्या हातानं कर."

"काय बोलताव! डाव्या हाताची भाकरी देवाला चालत न्हाई. अत्त्या काय म्हनायच्या, आठवतंय ना?"

"आठवतंय." आप्पांचा आवाज एकदम खाली आला. "तू लगीन होऊन हितनं आलीस तवा डाव्याच हातानं थापायचीस. तुज्या मायनं तशीच शिकवलेली. आमच्या मायनं तुजा डावा हात पदरानं बांधून ठिवला, उजवा वळंस्तवर. मी समोर ताटावर बसायचो. तू रडत रडत थापायचीस, अन् मी खायचो. एक शबूद बोललो न्हाई."

"जाऊ द्या की आता. कदीची गोष्ट."

"जात न्हाई. ह्या उजव्या हातानं तुला दगा दिला तवापासनं तर अजाबात जात न्हाई."

"पर घरात कसं करायचं? देवाचा निवद निगतो तिथं."

"म्हनून तर हे केलं!" आप्पांचा आवाज पुन्हा दुकानातल्यासारखा चढला. "हे घर हाय का? ही गाडी हाय. गाडीत सासूचा कायदा चालत न्हाई, आरटीओचा चालतो. त्यात डाव्या हाताचं कायबी लिव्हलेलं न्हाई. इचार सरांना!"

"न्हाई लिहिलेलं," मी तुरीच्या रानाकडं बघत मोठ्यानं म्हणालो. मला आरटीओचा कायदा ओ की ठो माहीत नाही.

मग नळाची धार सुरू झाली, बंद झाली. मी मान वळवली. काकूंचा उजवा हात त्या गादी लावलेल्या फळीवर निवांत पडला होता. डाव्या हातानं त्या पीठ मळत होत्या, आणि बोल्टनं आवळलेली परात जागची हलत नव्हती. आणि मग तो आवाज आला. थप्... थप्. थांबून, अडखळून. मग थप्-थप्-थप्. भिंतीतून ऐकायचो तसाच, फक्त थोडा हळू. भाकरी मोठी झाली, आणि काकूंनी ती उचललीच नाही. नुसत्या तळव्यानं पुढं सारली. काठ कापलेल्या बाजूनं ती अलगद तव्यावर गेली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. मग जरा कुरकुरत, "पिठाची बाजू खाली गेली की ओ."

"जाऊ दे. खातो मी."

"खातो कसं? थांबा, दुसरी करते."

एवढा कोरडा भूगोलाचा मास्तर मी, माझे डोळे भरून आले. रुमाल मागच्या खिशात होता, आणि तो काढायला उठावं लागलं असतं. बाहीनं पुसले. सगळी गल्ली ज्या माणसाला वेडा म्हणत होती, त्याच्यापायी मी पुन्हा एकदा दांडीवर बसलो होतो, आणि मला जन्मभर बसवलं असतं तरी चाललं असतं.

थोड्या वेळानं आप्पा गाडीला वळसा घालून माझ्याकडं आले, काकूंना दिसणार नाही अशा बेतानं. पत्र्याला पाठ टेकून उभे राहिले. मागं दुसरी भाकरी सुरू झाली होती. त्यांना बोलतं करावं म्हणून मी हळूच विचारलं, "काय आप्पा, आवाज कसाय?"

सवयीनं त्यांचं मधलं बोट वाकलं. मग त्यांनी ते सरळ केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गप बसा, सर," ते म्हणाले. "ऐकू द्या."