व्हर्ननची बंदूक आणि मर्लची अंडी

पहिला बार सुटला, बदक पाण्यात पडलं, आणि रिकामं काडतूस बाहेर उडायच्या ऐवजी बंदुकीच्या खिडकीत अर्धं अडकून बसलं. व्हर्नन प्रुएटने दुसऱ्या बदकावर नेम धरून घोडा दाबला. काहीच झालं नाही. बदक मात्र सावकाश, टेहळणी केल्यासारखं, डोक्यावरून निघून गेलं.

"अडकली!" हॉइट एवढ्या आनंदाने ओरडला की उरलेली बदकंही उडाली. "मर्ल, ऐकलंस का? व्हर्ननची अडकली!"

मर्ल शेगडीपाशी अंडी फोडत होता. त्याने हातातलं अंडं जपून खाली ठेवलं आणि फडक्याला हात पुसले. अकरा वर्षं तो या क्षणाची वाट पाहत होता.

पाणी भरलेल्या भातखाचरातल्या या लाकडी खोपट्यात तिघं मित्र चाळीस वर्षं बदकांसाठी बसत होते. हॉइट आणि व्हर्ननकडे नळीखालची मूठ हाताने मागेपुढे करायच्या पंपाच्या बंदुका. मर्लने अकरा वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक आणली. बाराच्या धुराच्या जोरावर आतला दट्ट्या मागे सरकतो, रिकामं काडतूस फेकतो आणि पुढचं आपोआप आत घेतो. ती पहिल्याच दिवशी एकदा अडकली. व्हर्नन जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा माणूस. त्याने तिथल्या तिथे नियम काढला, "ज्याची बंदूक अडकेल त्याने न्याहारी करायची. आणि कुणाचीच नाही अडकली तर मर्लने, कारण त्याची उद्या अडकणारच आहे!"

मर्लची पुन्हा कधी अडकली नाही, पण नियम तो नियम. बिचारा अकरा हंगाम खोपट्याच्या कोपऱ्यात, बदकांकडे पाठ करून अंडी जाळत राहिला. हॉइटचा कुत्रा बर्फासारख्या पाण्यात उडी घ्यायचा, पण मर्लच्या अंड्याला तोंड लावायचा नाही.

आणि आता व्हर्ननच्या हातात ऑटोमॅटिक आली होती. वसंतात त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. पंपाच्या बंदुकीचा धक्का डॉक्टरांनी बंद केला होता. ऑटोमॅटिकचा दणका मऊ बसतो, म्हणून त्याच्या बायकोने, नेडीनने, वाढदिवसाला ही आणून दिली. "घरी बसून माझ्या स्वयंपाकात नाक खुपसशील, त्यापेक्षा बदकं मार," ती म्हणाली होती. म्हणजे ही बंदूक चालली तरच व्हर्ननचा हंगाम, नाहीतर चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात बसणं.

"आजच्या दिवस रे," व्हर्नन गुरगुरला आणि शेगडीपाशी गेला. "काल घातलेलं तेल कमी पडलं, घरी नेऊन अजून घालतो. माझ्या हातात आलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी रडलेलं नाही."

त्याने घरी जाऊन घातलं तेल. बसगाडीत जे हलतं त्याला तेल, हा त्याचा धर्म होता. सकाळी बंदूक अडकली. त्याने आणखी तेल घातलं. तिसऱ्या सकाळीही अडकली. मग तो गावातल्या दुकानात गेला.

"माझ्या एका चुलतभावाची बंदूक अडकते," तो म्हणाला.

"चुलतभावाला म्हणावं, काडतुसं जड घे," दुकानदार म्हणाला. "आणि चुलतभावाचा खांदा कसा आहे आता?"

व्हर्ननने जड काडतुसं घेतली. त्यांनी खांदा असा शेकून निघाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि बंदूक तरीही अडकली. मग त्याने दट्ट्याजवळची रबरी कडी बदलली आणि नवी कडी नीट बसावी म्हणून तिला तेलात बुडवून काढली. आता बंदूक खांद्याला लावली की बाहीवर ओघळ यायचा.

"व्हर्नन, तू बदकं मारतोस की तळतोस?" शर्ट धुताना नेडीनने विचारलं.

"छान चाललीय बंदूक," तो म्हणाला. खरं सांगायचा त्याला धीर झाला नाही. तिने इतक्या हौसेने आणलेली वस्तू, आणि आपल्याला ती वापरता येईना, याची त्याला मनातून लाज वाटत होती.

इकडे खोपट्यात वेगळंच चाललं होतं. व्हर्नन उन्हाळाभर खांदा सांभाळत नेडीनच्या स्वयंपाकात खरोखरच नाक खुपसून बसला होता. तो झाकणाच्या लोखंडी भांड्यात ताक घालून पाव भाजायचा, वर सॉसेजचा दाट पांढरा रस्सा ओतायचा. हॉइट न बोलता तीन-तीन पाव खायचा. मर्ल बदकांकडे तोंड करून, गुडघ्यावर बंदूक ठेवून बसायचा आणि उगाचच हसायचा.

पाचव्या सकाळी पुन्हा पहिल्याच बाराला काडतूस अडकलं. व्हर्ननने बंदूक भिंतीला टेकवली आणि पाव भाजले.

"उद्यापासून मी येत नाही," वाढता वाढता तो म्हणाला. "पंप खांद्याला झेपत नाही, ही माझं ऐकत नाही. नेडीनला सांगतो, हौस फिटली. तुम्ही दोघं बसा."

हॉइटचा घास तोंडातच राहिला. मर्लने ताटली खाली ठेवली.

"तेल," तो म्हणाला.

"काय?"

"तेल फार झालंय. धुराची काजळी त्या तेलात कालवते, थंडीत त्याचा चिखल होतो आणि दट्ट्या रुतून बसतो. ही बंदूक जवळजवळ कोरडीच चालवायची असते. धूर जायची बारीक भोकं तारेने साफ करायची, बस्स. आण इकडे."

"तुला केव्हा कळलं हे?"

"पहिल्या दिवशी," मर्ल खाली मान घालून म्हणाला. "बंदुकीतून थेंब पडत होते, व्हर्नन. पण अकरा वर्षांत पहिल्यांदा बदकं येताना पाहिली रे मी. दरवेळी नुसती ऐकायचो. म्हटलं, अजून एक दिवस. मग अजून एक."

व्हर्नन तोंडभर शिव्या देणार होता, पण अकरा वर्षांचा नियम त्याचा स्वतःचाच होता. ते आठवून त्याने बंदूक मर्लच्या हातात दिली. मर्लने बंदूक खोलली, फडक्याने पुसपुसून कोरडी केली, भोकांत तार फिरवली. आपल्या खिशातली साधी, हलकी काडतुसं भरली. पुढचा थवा उतरला तेव्हा व्हर्ननचे तिन्ही बार सुटले, तिन्ही रिकामी काडतुसं टणाटण बाहेर पडली आणि खांदा हूं की चूं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशीही बंदूक झकास चालली. मर्ल उठला आणि त्याने अंड्यांची पेटी ओढली. हॉइटने कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने मान फिरवली.

"बस खाली," व्हर्नन म्हणाला. "नियम मी काढला, मीच बदलतो. आजपासून ज्याची बंदूक चालेल, न्याहारी त्याने करायची. तिघांच्या चालल्या तर पाळीपाळीने. तू अकरा वर्षं केलीस, तुझी पाळी आता शेवटी."

मर्लचे डोळे भरून आले. हॉइटने कधी नव्हे ते व्हर्ननची पाठ थोपटली. आणि तिसऱ्या दिवशी, पहिला थवा उतरताच, मर्लची बंदूक अडकली.

"अरेरे," मर्ल म्हणाला.

"माझीपण," हॉइट म्हणाला.

"तुझी पंपाची आहे!" व्हर्नन ओरडला. "चाळीस वर्षांत एकदा तरी अडकलीय का ती?"

"थंडी फार आहे," हॉइट म्हणाला आणि त्याने ताटली पुढे केली.