माणिकरावांचा उभा सतरा

नोव्हेंबर १९५६ मधला तिसरा सोमवार, संध्याकाळचे पावणेसहा. रक्कम आठ आणे, दोन-दोन आण्यांच्या चार तिकिटांत. हजर: मी, माझी पत्नी, पोस्टमन हुसेनमियाँ आणि जांभळ्या जिभेचे माणिकराव.

जिभेचा खुलासा आधी करतो. हैदराबादच्या तारनाक्याला आमच्या शेजारी राहणारे माणिकराव मुंबईच्या रविवारच्या अंकातलं मोठं शब्दकोडं कॉपिंग पेन्सिलीने सोडवत. तिचं टोक जिभेला लावून ओलं केलं की अक्षर जांभळं उमटतं, आणि एकदा उमटलं की खोडता येत नाही. अंक इथे सोमवारी पोचे, म्हणून दर सोमवारी जीभ जांभळी. ही सवय करोडगिरीतली, म्हणजे निजामाच्या जकात खात्यातली. तिथे त्यांनी तीस वर्षं नाक्यावर पावत्या फाडल्या. कोड्यातला शब्द सापडला की अजूनही मांडीवर थाप मारून ओरडत, "फाडा पावती!" मी एकदा त्यांना रबर देऊ केलं. म्हणाले, "ठेवा तुमच्या हापिसात. रेल्वेच्या हिशेबाला लागत असेल."

तर त्या संध्याकाळी हुसेनमियाँ पाकीट घेऊन आले. "साब, बंबई से वापस आया." पाकिटात माणिकरावांनी पाठवलेलं कोडं होतं, फीची चार तिकिटं होती आणि एक छापील चिठ्ठी होती. राज्यपुनर्रचनेमुळे यापुढे फक्त मुंबई राज्यातल्या वाचकांची उत्तरं घेतली जातील, असं तिच्यात लिहिलं होतं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता, आम्ही आंध्रात राहिलो होतो.

"सरहद्द!" माणिकराव कडाडले. "मला सरहद्द शिकवायलेत! तीस वर्षं सांभाळली मी. काय असतं तिथं? एक बांबू आणि एक झोपलेला शिपाई."

"हौ साब," हुसेनमियाँ म्हणाले, "अब तो बांबू बी नहीं रहा."

"भाऊजी, तुमचं उत्तर तसंही चुकलं होतं," पत्नीने मध्येच सांगितलं. तिचं खरं होतं. उभा सतरा असा होता: लग्नात रुसायचा हक्क यांचा, तीन अक्षरी. कुणीही 'विहीण' लिहील. माणिकरावांनी 'जावई' लिहिलं होतं, आणि ते बसावं म्हणून एका आडव्या शब्दाचं वाटोळं केलं होतं. त्या सकाळच्या अंकात उत्तर आलं होतं, विहीणच.

"छापलं म्हणजे खरं का, वहिनी? रुसतो तो जावई. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"दोन चुका तर दोन चुका," मी म्हणालो. "तीन चुकांपर्यंत नाव छापतात." पाच वर्षांत त्यांचं नाव एकशे बारा वेळा छापून आलं होतं. पहिलं बक्षीस एकदाही नाही. नाव छापून येण्यासाठी आठवड्याला आठ आणे मला परवडले नसते, पण ते त्यांचे त्यांनी पाहावं. मी सुचवलं, "तुमचा चुलतभाऊ नांदेडला आहे ना? त्याच्या पत्त्यावरून पाठवा. नियमात बसेल."

"नक्को!" ते इतक्या जोरात ओरडले की हुसेनमियाँ सायकलीसकट मागे सरकले. "राहतो हैदराबादला आणि नाव छापू नांदेडचं? मेलो की काय मी?"

चिठ्ठी आणि तिकिटं त्यांनी घरातल्या खिळ्याला टोचून ठेवली. "घ्यावीच लागतील त्यांना."

शनिवारी मला घेऊन ते जामबागला अंकाच्या एजंटाकडे गेले. उत्तर घेत नाहीत तर जाहिरात घ्या, असा त्यांचा हिशेब. कागदावर लिहून आणलं होतं: 'शब्दकोडे सोडवले. उभा सतरा जावईच. छापील उत्तर चूक. माणिकराव, हैदराबाद.' एजंटाने दोनदा वाचलं. "साहेब, असली जाहिरात कुणी देत नाही."

"पैसे घेता ना? फाडा पावती."

शब्दाला दोन आणे. दहा शब्दांचा सव्वा रुपया. मी सवयीने म्हणालो, "हैदराबाद काढा. दोन आणे वाचतील."

माणिकराव भांडले नाहीत. हळूच म्हणाले, "हिशेबवाले, बाकी सगळं काढा. तेवढं ठेवा."

मग बाकावर बसून त्यांनी सांगितलं. धाकटी बहीण गोदू परभणीकडे दिलेली. सहा वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नात दाजींना, म्हणजे आमच्या घरच्या जावयांना, मी बांधलेला आहेराचा फेटा हलक्या कापडाचा निघाला. दाजी मांडवातून उठून गेले. हैदराबादचं पत्र आलं तरी घरात उघडायचं नाही, असं बजावलं त्यांनी. "शेजारच्या मास्तरांकडं हा अंक येतो. गोदू तिथं वाचते. तिला अक्षरं मीच शिकवली, पाटीवर चौकटी आखून. एका घरात एक अक्षर. यादीत नाव दिसलं की तिला कळतं, दादा आहे. आता तीन आठवडे झाले, नाव नाही."

मी कागद होता तसाच एजंटाकडे दिला. सव्वा रुपया त्यांनीच भरला.

जाहिरात पुढच्या आठवड्यातल्या रविवारच्या अंकात आली. तारनाक्यातल्या सगळ्या मराठी घरांत हसाहशी झाली. माणिकरावांनी अंक बगलेत धरून दोन फेऱ्या मारल्या आणि हसणाऱ्या प्रत्येकाला थांबवून उभा सतरा समजावला.

त्यानंतर नवव्या दिवशी हुसेनमियाँ कार्ड घेऊन आले. खाली सही नव्हती. अक्षरं सुटी सुटी, प्रत्येक अक्षर जणू आपापल्या घरात बसलेलं. माणिकरावांनी वाचलं आणि माझ्याकडे दिलं.

'दादा, उभा सतरा विहीणच. जावई आता रुसत नाहीत. जाहिरात त्यांनीच वाचून दाखवली. खूप हसले. संक्रांतीला ये.'

"मग?" पत्नीने विचारलं. "कोण बरोबर?"

माणिकरावांनी चष्मा पुसला. "चुकला माझा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग खिळ्यावरचं एक तिकीट काढून त्यांनी परभणीच्या पाकिटाला लावलं. आणि हुसेनमियाँना खुशी म्हणून रोख आठ आणे दिले.

त्यांची पावती मात्र फाडली नाही.