सासऱ्यांच्या नजरेखाली बसवलेला बोर्ड

साबणाच्या कारखान्यातल्या पॅकिंग मशीनच्या कंप्युटरचा बोर्ड सकाळीच जळाला आणि नवा बसवायचं काम जावयाच्या गळ्यात पडलं. जावई म्हणजे कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. सुपरवायझर असलेल्या सासऱ्यांनी "पोरगा हुशार आहे, हमी माझी," असं मालकीणबाईंना सांगून त्याला तीन महिन्यांसाठी चिकटवून घेतलं होतं. ते तीन महिने आज संपत होते. बारा वाजता माल न्यायला ट्रक येणार होता. तोवर मशीन चाललं नाही तर नोकरी जाणार हे उघड होतं, आणि बायको वडिलांचीच बाजू घेणार हे त्याहून उघड होतं.

बोर्ड झकास बसला. पडदा, कीबोर्ड, लेबलांचा प्रिंटर जोडून झाले. शेवटी खोक्यांवरचा बारकोड वाचणारा स्कॅनर त्याने जवळच्या दांडीवर अडकवला आणि पासवर्ड टाकायला घेतला.

"जमतंय ना?" सासरे खांद्यावरून वाकले.

टुक् असा आवाज झाला. पडद्यावर आलं, 'पासवर्ड चुकीचा'.

"घाई नको, जावईबापू. एकेक अक्षर बघून दाबा."

त्याने बघून दाबलं. सासऱ्यांनीही वाकून बघितलं. टुक्. चुकीचा. पाचव्या वेळी कंप्युटरने रुसून पंधरा मिनिटांसाठी दार लावून घेतलं.

त्या पंधरा मिनिटांत त्याने कीबोर्ड बदलला, बोर्ड काढून पुन्हा बसवला, घाम पुसला. पट्ट्यावरून साबण येतच होते. पॅकिंगच्या बायका ते आधी टोपल्यांत, मग बादल्यांत, मग स्वतःच्या टोप्यांत भरू लागल्या.

"बाबा, तुम्ही जरा बसता का?"

"छे! अशा वेळी तुम्हाला एकटं सोडू?"

पुन्हा पाच वेळा टुक्, पुन्हा दार बंद. पावणेबारा वाजले. सासऱ्यांचाही धीर सुटला आणि ते मालकीणबाईंना बोलवायला गेले. कंप्युटरचं दार उघडताच त्याने तोच पासवर्ड टाकला. मशीन घरघरून सुरू झालं!

आवाज ऐकून सासरे धावत आले, कौतुकाने वाकले. टुक्. 'अनोळखी माल' म्हणून मशीन जागच्या जागी थांबलं.

तेव्हा कुठे जावयाला सासऱ्यांच्या गळ्यात लटकणाऱ्या ओळखपत्रावर नाचणारी लाल रेघ दिसली. स्कॅनर जे वाचतो, ते कीबोर्डवर टाइप केल्यासारखं थेट कंप्युटरला कळवतो. सकाळपासून तो सासऱ्यांच्या ओळखपत्रावरचा बारकोड इमानेइतबारे टुक् करून वाचत होता आणि पासवर्डात घुसवत होता!

तेवढ्यात मालकीणबाई दारात. "काय बिघडलंय?"

जावयाने सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्याला त्यांची कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त. त्याने स्कॅनर पट्ट्याकडे वळवला. मशीन सुरू झालं.

"माझीच चूक, बाई. स्कॅनरचं तोंड भलतीकडे होतं."

"चूक कबूल करणारा माणूस मला हवाच," बाई म्हणाल्या. "उद्यापासून तुम्ही कायम."

जावयाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"तुम्हाला बोलवायला गेलो तेवढं सोडून मी हललो नाही, बाई," सासरे म्हणाले. "नजर हवीच."

"खरंय. मग उद्यापासून तुमचं टेबल यांच्याशेजारीच टाका."

सासरे लगेच टेबल ओढायला निघालेसुद्धा.

"बाई," जावई घाईघाईने म्हणाला, "मला कायम करायची तशी काही गडबड नाही."