ऑर्मरॉडांच्या दाढेबद्दल तक्रार नाही

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर विदर्नबी गावात विल्फ्रेडराव ऑर्मरॉड यांची डावी दाढ रविवारच्या जेवणात, भाजलेल्या मांसाचा पहिलाच घास घेताना, ठणकू लागली. गावात सरकारी दंतालय होतं. दारावर पाटी होती : ‘दात दुखण्याची वाट पाहू नका, नियमित तपासणी करा.’ विल्फ्रेडरावांनी वाट पाहिली होती.

सोमवारी ते गाल धरून तिथे पोचले.

"काय, कसे आहात?" नोंदणीच्या खिडकीतल्या टॅपस्कॉटबाईंनी विचारलं.

कोणी असं विचारल्यावर खरं सांगणं विदर्नबीत असभ्य समजतात. "मजेत! तुम्ही?"

"मजेत. म्हणजे तक्रार नाही. पुढच्या मार्चमध्ये या."

विल्फ्रेडराव आभार मानून घरी आले.

"मूग गिळून परत आलास?" बायको मेव्हिस कडाडली. "अरे, सरळ सांग की, मरतोय म्हणून!" तिने संध्याकाळभर त्यांच्याकडून सराव करून घेतला.

मंगळवारी ते खिडकीशी पुटपुटले, "माफ करा हं, तसदी देतोय, पण किंचित दुखतंय."

बाईंचा चेहरा पडला. "दुखतंय? मग इथे कसे आलात? नियमित येणाऱ्यांचे दात दुखत नाहीत. तुमचा दुखतो, अर्थात तुम्ही अनियमित. यादीतून नाव काढावं लागेल."

"अहो, नको! पुन्हा घालायचं तर?"

"तपासणीत दात निरोगी निघाले की घालू. निरोगी रुग्णांना आम्ही आजच्या आज घेतो. दंतालयाची टक्केवारी सुधारते."

विल्फ्रेडराव खुर्चीत आडवे झाले. डॉक्टर क्विल्टरांनी टोकदार आकड्याने नेमकी तीच दाढ टोकरली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दुखतं का हो?"

हो म्हणावं तर नाव जातं, नाही म्हणावं तर दाढ राहते. "छे हो!" विल्फ्रेडराव अश्रू ढाळत म्हणाले. "उलट बरं वाटतंय."

डॉक्टरांना दाढेतला खड्डा स्वच्छ दिसत होता. पण भल्या माणसाच्या शब्दावर अविश्वास दाखवणं त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं. त्यांनी ‘निरोगी’ असा शेरा मारला.

"आता मी नियमित झालो ना?" विल्फ्रेडरावांनी खिडकीशी येऊन विचारलं. "मग ती दाढ तेवढी काढता का?"

"कुठली दाढ? आत्ताच ‘बरं वाटतंय’ असं डॉक्टरांना म्हणालात ना! सहा महिन्यांनी या. तेव्हाही दुखलं नाही, तर नाव कायम."

तसदीबद्दल क्षमा मागून विल्फ्रेडराव निघाले. महिन्याभरात त्यांचा फोटो ‘आदर्श रुग्ण’ म्हणून चौकात लागला. गाल टम्म, ओठ घट्ट मिटलेले. मेव्हिस आता चौक टाळून बाजाराला जाते, आणि विल्फ्रेडराव पातळ लापशीवर जगतात.

हसलात? हसा, खुशाल हसा. पण वाचता वाचता तुमची जीभ मागच्या त्या दाढेला दोनदा चाचपून आली, ते आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. दिवाळीनंतर दाखवू, असं म्हणाला होतात ना? कुठल्या दिवाळीनंतर, तेवढं सांगा.