अक्रोडाचा खिमा

सूनबाईने पहिला अक्रोड फोडला तेव्हा सकाळचे सहाही वाजले नव्हते आणि ती तेव्हाच दमलेली होती. त्यात नवीन काही नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर तिची अकरा वर्षं गेली होती. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी घरच्यांचं, एवढाच काय तो बदल. पण गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या हृदयाने कुरकुर केली आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं. दुसऱ्या कुणाला हे सांगून भागलं असतं. सासऱ्यांनी मात्र चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवलं होतं.

बाजारात त्यांना वस्ताद म्हणत. खिमा मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सुरा उचलून एकच प्रश्न विचारत, "जाड की बारीक?" आणि उत्तर येईपर्यंत सुरा हवेत थांबून राही. आता तेच वस्ताद ताटातल्या भाजीकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत आणि दोन घास चिवडून उठत. महिन्यात चार किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं.

"असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात ॲडमिट करावं लागेल. काहीही करा, पण त्यांना जेवायला लावा. फक्त मटण नको."

हे "काहीही करा" नेमकं सुनेलाच बाजूला घेऊन का सांगतात, हे तिला कधी कळलं नव्हतं.

उपाय शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितला. "अक्रोड भिजव, भरड काढ आणि कांदा, लसूण, मिरीवर चांगला परत. आमच्या ह्यांना दोन वर्षं पत्ता नाही."

पहिल्या दिवशी मिक्सर दोन सेकंद जास्त फिरला आणि खिम्याऐवजी लोणी झालं. नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. त्याने ते पावाला लावून खाल्लं. "मस्त आहे गं. काय आहे हे?"

"चूक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा अक्रोड फोडायला बसली.

दुसऱ्या दिवशी जमलं. सासरे पहिल्या घासाला थबकले. 

"खिमा?"

"हो, बाबा."

"आणि डॉक्टर?"

"थोडा चालेल म्हणाले."

वस्तादांनी तीनदा वाढून घेतलं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग दिसला, आणि तिला इतकं बरं वाटलं की खोटं बोलल्याचं ती विसरूनही गेली. तेवढ्यात ते बोटं चाटत म्हणाले, "चव आहे. पण कापलाय कुणी हा? सरळ यंत्रातून काढलाय. कुणाकडून आणलास?"

आलेली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवायची, ही अकरा वर्षांची सवय. तिच्या तोंडून निघून गेलं, "गोटूकडून."

गोटू म्हणजे वस्तादांचा चेला. पन्नाशी गाठली, स्वतःचं दुकान झालं, तरी बाजारात तो गोटूच राहिला होता.

पाच दिवस वस्ताद पोटभर जेवले आणि पाच दिवस ती पाचला उठून अक्रोड फोडत राहिली. बोटं सोलवटली. खिडकीवर पावत्या मोजताना झोंबायला लागली. सहाव्या दिवशी वस्तादांना चालण्याइतकी ताकद आली. ते काठी टेकत थेट गोटूच्या दुकानात गेले आणि रांगेतल्या गिऱ्हाइकांसमोर त्यांनी त्याला फैलावर घेतलं.

"यंत्रातून काढतोस खिमा? हेच शिकवलं होतं मी?"

गोटूने महिन्याभरात त्या घरी हाडसुद्धा विकलं नव्हतं. पण वस्तादांपुढे "नाही" म्हणायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. "चुकलं, वस्ताद," तो मान खाली घालून म्हणाला. आणि संध्याकाळी हाताने कापलेला किलोभर खिमा घेऊन दारात हजर झाला.

"वहिनी, कुठे चुकलं ते कळलं नाही, पण चुकलं. एवढा ठेवून घ्या."

सासरे बाहेरच बसलेले. परत कसा करणार? तिने दोन पातेली चढवली. एकात नवऱ्यासाठी गोटूचा खिमा, दुसऱ्यात बाबांसाठी अक्रोड. वाढायची वेळ झाली आणि ऑफिसचा फोन आला. कुठेतरी पाइप फुटला होता.

"डावीकडचं पातेलं बाबांचं," तिने नवऱ्याला बजावलं. "डावीकडचं. लक्षात ठेव."

त्याने लक्षात ठेवलं. दोन्ही पातेली उचलून तशीच टेबलावर ठेवली, पलीकडे जाऊन बसला आणि आपल्या डावीकडचं बाबांना वाढलं.

ती फोन ठेवून आली तेव्हा सासऱ्यांच्या तोंडात घास होता आणि नवरा अक्रोड मिटक्या मारत खात होता.  ती काही बोलणार, तोच वस्तादांनी घास कसाबसा गिळला आणि ताट बाजूला सारलं.

"हा नको. चरबीचा वास मारतोय. कालचा आण."

"बाबा, हा तर गोटूने स्वतः कापलाय," नवरा म्हणाला.

"मग कालचा कुणी कापला होता?"

सूनबाई खुर्चीत बसली.  "अक्रोड होते, बाबा. सगळे दिवस अक्रोडच. तुम्ही जेवावं म्हणून खोटं बोलले. पहाटे उठून फोडते, वाटते, मग ऑफिसला जाते. थकले मी आता. काय रागवायचं ते रागवा, पण आज नको. उद्या."

वस्ताद उठून आपल्या खोलीत गेले. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. बाबा घर सोडून चालले, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

ते परत आले ते फडक्यात गुंडाळलेला सुरा आणि जुना लाकडी ओंडका घेऊन.

"अक्रोड कुठेत?"

"गोटूला काय सांगायचं?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"काही नाही. यंत्र वापरतोच तो, मला माहीत आहे." वस्तादांनी उद्यासाठी भिजवलेले अक्रोड ओंडक्यावर पसरले आणि अंगठ्याने धार पाहिली. ती उठायला लागली. "बाबा, राहू द्या, मी करते..."

"बस खाली. गिऱ्हाइकाने आत यायचं नसतं."

त्यांनी सुरा उचलला. तो हवेत थांबला.

"बोल. जाड की बारीक?"

अकरा वर्षांत खिडकीवर बसलेल्या तिला, तुला कसं हवं, असं कुणी विचारलं नव्हतं. तिने चांगला वेळ घेतला. सुरा थांबून राहिला.

"जाड," ती म्हणाली आणि समोरच्या खुर्चीवर पाय पसरून बसली.